मेंढ्याच्या तोंडचं वाक्य

नामदेव,

तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या मुलांना फळ्यावर सुरई काढून दाखवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, इंदापूरहून फोन होता. तुमचे ते मशीनवाले दोस्त वारले." मी सुरईची राहिलेली बाजू पूर्ण केली. मग खडू खाली ठेवला. त्या वेळी माझ्या मनात जो पहिला विचार आला, त्यात दुःख नव्हतं. आता मशीनचं बटण तुझ्या हाताखाली नाही, असा तो विचार होता.

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. पण तुझ्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, नाहीतर पुढचं सगळंच खोटं होईल. वाचणाऱ्यांना आपली गोष्ट ठाऊक नाही, म्हणून तुला माहीत असलेलंही पुन्हा सांगावं लागेल. एरवी मी काही सांगायला लागलो की तू मध्येच "भान्या, असं न्हाय व्हतं ते" म्हणून मला अडवायचास. आता कोणी अडवणार नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

मला बारामतीच्या शाळेत चित्रकला शिकवण्याची नोकरी लागण्याआधी मी तंबूतल्या टॉकीजचे बोर्ड रंगवायचो आणि तू त्याच तंबूत मशीन चालवायचास. निरवांगी, निमगाव केतकी, इंदापूर, जिथं जत्रा तिथं आपला तंबू. तिकिटं फाटेपर्यंत आणि नीट अंधार पडेपर्यंत आत बसलेली माणसं कनाती उचकायला लागायची. त्यांना गप्प करायला मालकानं कुठूनसं एक छोटं रीळ आणलं होतं. परदेशातलं, मुक्या सिनेमाच्या जमान्यातलं, हातानं काढलेल्या चित्रांचं. सुरुवातीची नावं फाटून गेलेली. आत एक ढेरपोट्या मेंढा डोक्यावर टोपी घालून आणि एक हडकुळा बोकड गळ्यात फडकं बांधून, हातात फुलं घेऊन एकाच मेंढीच्या दारात लग्नाची मागणी घालायला येतात. मेंढी माडीच्या खिडकीतून बघते. बोकड वाट बघता बघता स्वतः आणलेली फुलं स्वतःच खाऊन टाकतो. मेंढा दार वाजवायला म्हणून टक्कर देतो तर दारच आडवं होतं, मग दोघे मिळून ते पुन्हा उभं करतात. सगळ्या रेषा जराशा थरथरत असायच्या. मी बोर्ड रंगवायचं सोडून त्या रेषा बघत बसायचो. कोणीतरी एकेक चित्र पुन्हा पुन्हा काढलंय आणि त्याचा हात प्रत्येक वेळी केसभर हललाय, हे मला दिसायचं. तुला फक्त मेंढा दिसायचा.

पहिल्या दिवशी लोकांना ते आवडलं नाही. "आरं, आवाज कुठाय? मशीन बिघाडलं काय?" असा गलका झाला. तेव्हा तू मशीनमागून, छातीतून घोगरा आवाज काढून ओरडलास, "अगं ए, दार उघड! उनातनं आलोय!" तंबू हसला. मी पडद्याजवळ बोर्ड घेऊन उभा होतो. माझ्या तोंडून आपसूक पातळ आवाज निघाला, "तिला म्हनावं, आधी मी आलोय!" झालं. त्या दिवसापासून तू मेंढा आणि मी बोकड. हे वाटप कोणी केलं नव्हतं. तू आधी बोललास, एवढंच.

निरवांगीच्या तात्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. पहिल्या ओळीतून उठून ते म्हणाले, "ओ रीळवालं! बोकड मेंढीच्या दारात कशाला आलाय?"

मी बोकडाच्या आवाजात म्हणालो, "तात्या, सगळी मेंढरं माझ्याच मागनं चालत्यात की!"

"चालत्यात, व्हय," तात्या म्हणाले. "कळपाच्या म्होरं बोकडच लागतोय. म्हनून काय त्येच्यासंगं लगीन लावत्यात व्हय?"

एवढा हशा त्या तंबूत मोठ्या पिक्चरलाही पिकला नसेल. तू तर मशीनला धरून हसत होतास. पुढं बऱ्याच वर्षांनी मला कळलं की माझ्याविषयी जे सांगायचं ते तात्यांनी त्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

मग ते रीळ अडकलं. एका जत्रेत शेवटाकडे मशीनमध्ये थांबलं आणि दिव्याच्या धगीनं वितळलं. पडद्यावर तपकिरी फोड आला, पसरला, आणि लोकांनी तो खेळाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. जळालेला तुकडा तू कापून टाकलास. त्यानंतर आपल्या रिळाला शेवट उरला नाही. दोघे दारात उभे असतात, दार किलकिलं होतं, आणि पुढं नुसता पांढरा पडदा. मेंढी कोणाला हो म्हणते ते तिथं जो शेवटचं वाक्य बोलेल त्याच्यावर ठरू लागलं. आणि शेवटचं वाक्य नेहमी तुझं असायचं, कारण दिवा बंद करायचं बटण तुझ्या हाताखाली होतं. मी काहीही बोललो तरी तू त्यावर एक वाक्य ठेवायचास आणि खटकन अंधार. मग मला ते अंगवळणी पडलं. पांढरा पडदा आला की मी माझं वाक्य टाकायचो आणि तुझ्यासाठी थांबायचो. तुझं ऐकून हसायला मीच सगळ्यांत पुढं असायचो. हेही खरं आहे, आणि ते मी विसरायला नको.

निमगावचा प्रसंग आपण दोघांनी इतक्या वेळा सांगितला की त्याचा विनोद झाला. मला नोकरी लागली होती. मुलगी बघायला निमगाव केतकीला जायचं होतं, आणि सोबत मित्र हवा म्हणून मी तुला नेलं. पोहे झाले. मुलगी, म्हणजे कमल, आत गेली. तेवढ्यात तिचे थोरले भाऊ म्हणाले, "आवं, तुमी तर ते जत्रंतलं रीळवालं! मग हुं द्या की मेंढा-बोकड. बायामानसं बी ऐकत्याल."

ना पडदा, ना मशीन. सतरंजीवर बसून आपण सगळा खेळ तोंडानं केला. माजघराच्या दाराआड बायका हसत होत्या, आणि त्यांतलं एक हसू वेगळं होतं. ते तुलाही ऐकू आलं आणि मलाही. खेळ शेवटाला आला. दार किलकिलं झालं. मी म्हणालो, "मी हडकुळा असलो तरी इमानी हाय." आणि थांबलो.

बटण नव्हतं, दिवा नव्हता. मी बोलत राहिलो असतो तर मला कोण अडवणार होतं? पण मी सवयीनं थांबलो. तू तुझं वाक्य टाकलंस, "इमानी मानूस म्होरं चालायला बरा, पर दार धरून ठेवायला मेंढाच लागतो." दाराआडचं ते हसू पुन्हा आलं.

पंधरवड्यानं त्यांच्याकडून विचारणा आली ती तुझ्याबद्दल. तू सायकल मारत माझ्याकडे आलास. घामानं सदरा भिजलेला. "भान्या, तू म्हन. तू न्हाय म्हनलास तर मी बी न्हाय म्हनतो." मी म्हणालो, "कर की. मला काय त्याचं." तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मी हसलो. माझ्या त्या हसण्यावर तू विश्वास ठेवलास याचा राग मी पुढं कितीतरी वर्षं बाळगला. पण विश्वास ठेवायला लावलं कोणी?

एक गोष्ट इथं स्वच्छ लिहितो, कारण हे माझी बायकोही वाचणार आहे. मला कमलवहिनींची ओढ राहिली असं काही नव्हतं. माझा संसार चांगला झाला. ही गोष्ट शालनला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळली. उशीर झाला की अजून ती दारातच विचारते, "आले का बोकडराव?" माझ्या आत अडकून राहिलं होतं ते वेगळंच होतं. तू एकदा, फक्त एकदा म्हणावंस की निमगावला तुझी पाळी होती भान्या, मी मध्ये बोललो, चुकलं. एवढ्या एका वाक्यासाठी मी तुझ्याबरोबर प्रत्येक जत्रेला जात राहिलो. गावोगावी केबल आली, टीव्हीवर रोज नवा पिक्चर यायला लागला, तंबू बंद पडला आणि मालकानं मशीन आणि ते रीळ तुझ्या हवाली केलं. तरीही वर्षातून एकदा निरवांगीच्या जत्रेत आपला खेळ होतच राहिला. लोक म्हणायचे, काय दोस्ती आहे! मी मान डोलवायचो. दोस्ती होतीच. पण ज्या खोलीची कडी बाहेरून आहे तिथं बसल्यासारखा मी त्या दोस्तीत बसलो होतो.

आपली शेवटची भेट इंदापूरच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर झाली. आठवतंय ना? तुझा चेहरा ओढलेला होता. मी विचारलं तर म्हणालास, "पित्त झालंय." मी पुढं चौकशी केली नाही, कारण मी माझंच घेऊन आलो होतो.

"या जत्रेला तू बोकड हो," मी म्हणालो. "मी मेंढा होतो."

"तुला झेपायचा न्हाय," तू म्हणालास. "मेंढ्याला प्वाट लागतंय. तू खडू खाऊन जगलेला मानूस."

"चेष्टा नको. निमगावला पाळी माझी होती."

"मग बोलायचं व्हतं की."

"मी थांबलो होतो."

"तू थांबलास, म्हनून मी बोललो. मला काय सपान पडलं व्हतं तुला आजून बोलायचंय म्हनून?" तू बशीतला चहा संपवलास. "भान्या, येवढी वर्सं तू त्येच धरून बसलाईस?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बारामतीची गाडी लागली. तू माझी पिशवी खिडकीतून आत टाकलीस, जागा धरायला. गाडी हलली तसा तू खालून ओरडून काहीतरी म्हणालास. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मी हात हलवला. नंतर मी त्या क्षणावर इतकं रचत बसलो की आता तू खरंच काही म्हणालास की नुसताच हसलास, याचीही मला खात्री नाही.

तुझ्या तेराव्याला निरवांगीची जत्रा कमिटी आली होती. तात्या आता काठी घेऊन चालतात. ते माझ्याशेजारी बसले. "मास्तर, नामदेवच्या नावानं औंदा खेळ झाला पायजे. दोनी आवाज तुमीच काडायचं."

मी म्हणालो, "तात्या, मला नाही जमणार."

त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं. "आजून तुमच्या मनात तेच हाय व्हय?"

म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी मान डोलवत होतो आणि ते माझ्याकडे बघत होते. नाही म्हणालो असतो तर मेलेल्या माणसावर डूख धरून बसलाय असं झालं असतं. हो म्हणालो असतो तर वाटच बघत होता असं झालं असतं. मी सुटका शोधत वहिनींकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "करा, भाऊजी. त्यांचा आवाज ऐकावा वाटतोय."

मी हो म्हणालो.

शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत दार लावून मी तुझा आवाज काढून बघायचो. आधी नुसता खोकला निघाला. मग एका दिवशी पोट पुढं काढून, हनुवटी छातीला लावून उभा राहिलो, तुझ्यासारखा, आणि तो आला. "अगं ए, दार उघड!" खिडकीवरची चिमणी उडाली. नामदेव, मला तेव्हा रडू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. पण त्या रडण्यात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मला चांगलंच समजत होतं. तुझा आवाज आता माझ्या ताब्यात होता.

जत्रेच्या दिवशी दिवस मावळताना शाळेच्या भिंतीला चादर बांधली. ढोलावर गजीचा नाच नाचून दमलेली माणसं घाम पुसत येऊन बसली. मशीनवर वहिनी होत्या. तू त्यांना रीळ चढवायला शिकवलंस हे मला माहीत नव्हतं. त्यांची बोटं तुझ्यासारखीच चालत होती. मी तुझ्या जागी, त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मेंढा पहिल्यांदा बोलला तेव्हा लोक हसायचे थांबले. इतका तो तू होतास. मग बोकडानं फुलं खाल्ली आणि ते हसले, मेंढ्यानं दार पाडलं आणि आणखी हसले. तात्या ओरडले, "आरं, बोकडाला हाकला तितनं!" मला बरं वाटलं. अगदी खरंच बरं वाटलं.

मग पांढरा पडदा आला.

बोकडाचं नेहमीचं वाक्य मी बोललो. आणि मग तुझ्या आवाजात, हळू, म्हणालो, "बोकडराव, आज तुमी म्होरं व्हा. मागच्या खेपंला पाळी तुमची व्हती. मी घेतली. चुकलं माजं. माफी करा."

मी हे ठरवून आलो नव्हतो असं लिहायला मला आवडलं असतं. पण शाळेच्या खोलीत मी ते वाक्य कितीतरी वेळा घोकलं होतं.

वहिनींनी दिवा बंद केला नाही. पांढरी चादर वाऱ्यावर फुगत होती. मग मागून एक बाई हुंदका देऊन रडली, आणि टाळ्या सुरू झाल्या. तात्या काठी टेकत आले आणि त्यांनी माझा हात धरला. "लई मोटा मानूस व्हता नामदेव. मरताना मन मोकळं करून गेला म्हनायचा." मी म्हणालो नाही, की तात्या, तो काहीच म्हणाला नव्हता. माझ्या पाठीवर थाप पडत होती आणि मी ती घेत होतो.

लोक पांगल्यावर वहिनी रीळ उलटं गुंडाळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आवाज त्यांचाच व्हता, भाऊजी. बोलनं तुमचं व्हतं."

मी चादरीची गाठ सोडायला लागलो.

"आनि पाळी कशाची हो? निमगावला घरात तुमचंच ठरत आलं व्हतं. मीच दादाला सांगितलं, मला त्यो मेंढा करनारा पायजे. दादा दोन दिस बोलला न्हाय माज्याशी. ह्यांनी काय बी घेतलं न्हवतं. मी दिलं व्हतं." रिळाचं टोक त्यांनी चिकटपट्टीनं दाबलं. "आता समदा गाव म्हनंल, नामदेवनं दोस्ताची बायको पळवली आनि मरताना कबूल केलं. पोरांनी काय ऐकायचं?"

मी म्हणालो, "वहिनी, मला माहीत नव्हतं."

"तुमी इचारलंच न्हाय कदी. ना ह्यांना, ना मला." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "नुसतं थांबून राह्यलात."

नामदेव, तुझ्याकडून एक वाक्य मिळावं म्हणून मी अर्धं आयुष्य तुझ्यामागं फिरलो, आणि शेवटी तू हलू शकत नव्हतास तेव्हा ते तुझ्या तोंडातून काढून घेतलं. आता तू त्या वाक्यात अडकून पडलायस आणि तुला तिथून सोडवणं मला जमत नाहीये. दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो, खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "असंल. पर झालं ते झ्याक झालं की मास्तर. फुडच्या साली बी असंच करा." कमिटीनं तसं ठरवूनही टाकलंय म्हणे. निमगावच्या पोरांनी तर ते वाक्य उचललंय. एसटीत पुढं बसायला भांडताना एकमेकांना म्हणतात, "बोकडराव, आज तुमी म्होरं व्हा."

म्हणून हे लिहून छापायला देतोय. ज्यांनी ज्यांनी तो खेळ पाहिला, किंवा ऐकीव सांगतात, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : नामदेवनं माझी माफी मागितली नाही. मागण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं. कमलवहिनींना कोणी कोणाकडून घेतलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या पसंतीनं लग्न केलं. ते वाक्य माझं होतं.

तुझं रीळ आणि मशीन वहिनींनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय, असा निरोप शालननं आणला. ती त्यांना भेटून आली. मी गेलेलो नाही. परवा शाळेच्या कामानं इंदापूरला गेलो तर बाजारात वहिनी समोरून आल्या, थांबल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बसून भेंडी निवडायला लागलो. भाजीवाली म्हणाली, "मास्तर, किती घ्यायची त्ये तरी सांगा." पिशवी भरून गेली तरी मी मान वर केली नाही.